लायका म्हणून घेतला आणि फेड निघाला, जुना कॅमेरा घेणाऱ्यांनी पैसे पाठवायच्या आधी वाचा

जुना फिल्म कॅमेरा घ्यायच्या विचारात असाल आणि त्यातही जर्मन लायका कंपनीचं स्क्रू माउंटवालं, म्हणजे आटे फिरवून लेन्स बसवायचं, जुनं मॉडेल डोक्यात असेल तर हे नीट वाचा प्लीज. मला लायका टू म्हणून जो कॅमेरा विकला गेला तो लायका नव्हताच, फेड नावाची त्याची सोव्हिएत नक्कल होती. आणि मी काही न विचारता घेतला असं अजिबात नाही. फोटो मागितले, सिरीयल नंबर मागितला, लेन्स काढून आतला भाग दाखवा म्हटलं, सगळं दाखवलं गेलं आणि तरीही फसवलं. म्हणूनच कसं फसवलं ते सविस्तर लिहितेय.

आधी हाच कॅमेरा का ते सांगते. ऑस्कर बारनॅकने वेट्झलारच्या लाइट्स कंपनीत सिनेमाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा बनवला, तो १९२५ साली लायका नावाने बाजारात आला, पण त्यात फोकस करायचा म्हणजे अंतराचा अंदाज घ्यायचा नाहीतर वेगळं रेंजफाइंडर, म्हणजे अंतर मोजायचं यंत्र, वापरायचं. १९३२ च्या लायका टू मध्ये रेंजफाइंडर थेट लेन्सला जोडलं. लेन्स फिरवली की छोट्या खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींकडे सरकतात, एकावर एक बसल्या की फोकस झाला. बॅटरी नाही, प्रकाश मोजायचं मीटर नाही, ५० मिमीची एलमार लेन्स आत ढकलली की अख्खा कॅमेरा कोटाच्या खिशात. फिल्म खालून घालायची, तीसुद्धा तिचं टोक कात्रीने लांब कापून. काळ्या रंगाचा असेल तर जिथे जिथे बोटं लागतात तिथे रंग उडून खालचं पितळ दिसायला लागतं, आणि ते पितळ म्हणजे कोणीतरी हा कॅमेरा वर्षानुवर्षं हातात धरून फोटो काढलेत त्याची खूणच. मी रात्र रात्र असे फोटो झूम करून बघत बसायचे, पैसे बाजूला टाकत होते, मधे दुसरे स्वस्त कॅमेरे घ्यायचा मोह झाला तो पण आवरला, कारण मला हाच पाहिजे होता.

मग एक लिस्टिंग दिसलं. काळा लायका टू, पितळ दिसतंय, एलमारसकट. विकणारा बोलायला फार चांगला, पहिल्यापासून ताई ताई म्हणत होता, आजोबांचा कॅमेरा आहे, घरात कोणाला किंमत नाही, चांगल्या माणसाच्या हातात जावा एवढीच इच्छा आहे वगैरे. मला काय काय माहितीये हे तो गप्पांमधून काढून घेत होता हे आता मेसेज परत वाचताना कळतं. मी बोलता बोलता एखाद्या गोष्टीचं कौतुक केलं की थोड्या वेळाने त्याच गोष्टीचा फोटो यायचा.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या लायकाची नक्कल बाजारात प्रचंड आहे आणि ती बहुतेक वेळा सोव्हिएत कॅमेऱ्यांपासून बनवलेली असते. खारकिव्हमधल्या एका कम्यूनमध्ये, जिथे अनाथ, बेघर मुलं राहून काम करायची, तिथे १९३४ पासून लायका टू वरून हुबेहूब फेड नावाचा कॅमेरा बनायला लागला, आणि १९४८ पासून क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याच घराण्यातला झोर्की. वरचं रशियन नाव घासून काढायचं, तिथे लायका आणि लाइट्सचं नाव कोरायचं, काळा रंग मारून मुद्दाम कडा घासायच्या की झाला तयार. काहींवर जर्मन वायुदलाचे शिक्के कोरतात, काहींना सोनेरी मुलामा देतात, म्हणजे दुर्मिळ म्हणून अजून भाव मिळतो.

हे मला माहीत होतं म्हणूनच मी लेन्स काढलेला फोटो मागितला होता. कारण खरा फरक तिथे दिसतो. लेन्स काढल्यावर तोंडातून आत बघितलं की वरच्या बाजूला रेंजफाइंडरचा दांडा दिसतो, लेन्सची मागची कड त्याला ढकलते. खऱ्या लायकात त्या दांड्याच्या टोकाला छोटंसं गोल चाक असतं, फिरणारं. फेड आणि झोर्कीत चाक नसतं, टोक सलग धातूचं आणि पाचरीसारखं असतं. एकदा दोन्ही बघितले की परत कधी गोंधळ होत नाही.

त्याने फोटो पाठवला. स्वच्छ, जवळून काढलेला, गोल चाक अगदी स्पष्ट. सिरीयल नंबरचा फोटो वेगळा पाठवला, तोही स्पष्ट. मी पैसे भरले.

कॅमेरा आला, पाकीट उघडतानाचा व्हिडिओ मी आधीपासून चालू ठेवला होता, लेन्स फिरवून काढली आणि आत बघितलं तर चाक नाही. पाचर. मी टॉर्च लावून परत परत बघत होते, काही सेकंद खरंच वाटलं की मलाच नीट दिसत नाहीये. मग त्याचा फोटो मोबाईलवर काढून शेजारी धरला. फोटोतल्या माउंटच्या रिंगवरच्या एका स्क्रूची खाच स्क्रूड्रायव्हर घसरून खराब झालेली आणि तिथून रिंगवर एक तिरपा ओरखडा गेलेला, माझ्या हातातल्या कॅमेऱ्याच्या सगळ्या खाचा धड, ओरखडा नाही. म्हणजे चाकाचा फोटो दुसऱ्याच, बहुधा खऱ्या लायकाचा होता. त्या फोटोत नंबर असलेली वरची प्लेट येऊच दिली नव्हती. नंबरच्या फोटोत माउंट येऊ दिलं नव्हतं. दोन्ही फोटो वेगवेगळे बघितले तर शंका घ्यायला जागाच नाही, आणि दोन वेगळ्या कॅमेऱ्यांचे ते दोन फोटो मला एकाच कॅमेऱ्याचे म्हणून दिले.

जुने कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेला. त्यांनी हातात घेतला आणि आधी वरची प्लेट उजेडात तिरकी धरली. नावाच्या जागी पृष्ठभाग किंचित खोलगट झालाय, जुनं कोरीव काम घासलंय म्हणून. तळाच्या झाकणाच्या किल्लीपाशी खऱ्यावर जर्मनमध्ये आउफ आणि त्सू, म्हणजे उघडा आणि बंद, असं असतं, माझ्यावर पण होतं पण अक्षरं एका रेषेत नव्हती. काका म्हणाले, "अगं, फेड आहे हा, आणि फेड म्हणून चांगला आहे, शटर नीट चालतंय." मला त्याचं जास्तच वाईट वाटलं. ज्या मुलांनी तो बनवला त्यांच्या कॅमेऱ्याचं नाव खरवडून टाकलं, आणि तो फेड म्हणून विकला असता तर कोणीतरी आनंदाने घेतला असता, अर्थात कितीतरी कमी पैशात.

विकणाऱ्याला लिहिलं. कुठला नंबर कुठल्या सालचा हे सांगणाऱ्या छापील यादीत माझा नंबर बघितला तर १९३२ च्या आधीचा निघत होता, ते सांगितलं. त्याचं उत्तर तयार होतं, की कंपनी जुनी मॉडेल्स परत घेऊन नवीन रेंजफाइंडर बसवून द्यायची, नंबर जुनाच राहायचा. आणि हे खरं आहे! लाइट्स कंपनी असं अपग्रेड करून द्यायची. म्हणजे माणसाला सगळी माहिती आहे आणि तो ती फसवायला वापरतोय. त्यामुळे नुसत्या नंबरवरून खरा की खोटा असा निकाल लावू नका, कोणी लावून दिला तर मानू नका. चाकाचं विचारलं तर सरळ म्हणाला तुम्हीच कॅमेरा बदलला, ताई वगैरे एकदम बंद. पाकीट उघडतानाचा व्हिडिओ पाठवल्यावर अर्धे पैसे परत देतो, तक्रार मागे घ्या म्हणायला लागला. मी घेतली नाही. ज्यांच्यामार्फत पैसे भरले त्यांच्याकडे ती अजून चालू आहे, तिथे सगळ्यात आधी व्हिडिओच मागितला, त्यामुळे तो काढायला विसरू नका, आणि त्यात पाकिटावरचा पत्ता, नंबर, लेन्स काढणं हे सगळं मधे कट न करता येऊ द्या.

विकत घ्यायच्या आधी पण तसंच मागा. सुटे फोटो नकोतच. एकच सलग व्हिडिओ, वरच्या प्लेटवरचा नंबर दिसतोय, तिथूनच लेन्स फिरवून काढली, कॅमेरा तिरका करून चाक दाखवलं, परत नंबर. खरा कॅमेरा असेल त्याला हे मिनिटभराचं काम आहे. लेन्स जाम आहे, काढली तर आटे जातील असं कोणी म्हणालं तर तिथेच थांबा. लायका थ्री म्हणून देत असतील तर पुढच्या बाजूला सावकाश शटर स्पीडची छोटी वेगळी चकती आहे का बघा, १९३३ च्या थ्री मध्ये ती असते, फेड वनमध्ये किंवा पहिल्या झोर्कीत नसते.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे ते चाकवाले फोटो परत आलेत. नाव दुसरं, आजोबांच्या जागी काका, कॅमेरा या वेळी रुपेरी, पण माउंटचा फोटो तोच. खाच खराब झालेला तो स्क्रू रिंगच्या डाव्या बाजूला खाली आहे आणि ओरखडा तिथून आतल्या कडेकडे जातो. तो फोटो तुम्हाला कोणी पाठवला तर त्या माणसाला एक पैसाही पाठवू नका.