पहिला कॅमेरा: कॅनन १५००डी की निकॉन डी३५००?

भाच्याने तूर विकली आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन. "मामा, कॅमेरा घ्याचा हाये. कॅनन घेऊ का निकॉन? एकच नाव सांगजा, अन् काहून ते बी सांगजा."

भाचा यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो. लग्नसराईत माझ्यासोबत दुसरा कॅमेरा धरतो, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो काढतो आणि आता त्याला स्वतःच्या ऑर्डरी घ्यायच्या आहेत. त्याच्यासमोर दोनच नावं उरली आहेत: कॅनन १५००डी आणि निकॉन डी३५००. पहिला माझ्याकडे आहे, दुसरा माझ्या भागीदाराकडे. दोन्ही कॅमेरे बऱ्याच लग्नांत एकाच मांडवात फिरलेत, एकाच धुळीत लोळलेत. म्हणून फोनवर एक नाव सांगून मोकळं होणं जमलं नाही.

आधी फोटोचं बोलू, कारण सगळे तिथेच अडकतात. दोन्ही कॅमेरे २०१८ सालचे. दोन्हींत २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ ची लेन्स, मागे न वळणारा, बोटाने न चालणारा ३ इंची पडदा. करिझ्मा अल्बमच्या १२ बाय ३६ च्या पानावर दोघांचे फोटो शेजारी लावले तर कोणता कशातला हे मलाही खात्रीने सांगता येणार नाही. नवरीच्या मामाला तर नाहीच नाही. हळदीच्या रंगात, चेहऱ्याच्या कांतीत मला कॅनन किंचित जास्त आवडतो, पण ही माझी आवड झाली.

एका ठिकाणी मात्र फरक दिसतो. आपली लग्नं एप्रिल-मेमधली, भर दुपारची. नवरदेव मांडवाच्या सावलीत आणि त्याच्यामागे पांढरंफट्ट पेटलेलं अंगण. अंगण सांभाळलं की चेहरा काळा येतो. असा फोटो रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये, काढून नंतर संगणकावर अंधार उचलला, तर निकॉनचा चेहरा बराच स्वच्छ वर येतो. कॅननच्या अंधारात दाणे दिसू लागतात. रॉमध्ये काढणार नसाल, थेट जेपीजी लॅबला देणार असाल, तर हा मुद्दा विसरून जा.

निकॉनची खरी श्रीमंती बॅटरीत आहे. जपानी कॅमेरा संघटनेच्या ठरलेल्या चाचणीत एका चार्जिंगवर निकॉन १५५० फोटो काढतो, कॅनन ५००. चाचणीत अर्धे फोटो फ्लॅशवर काढतात, म्हणजे आकडा हवेतला नाही. शहरात बसून हा फरक फार मोठा वाटत नाही. पण गावातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की पुढचे दोन दिवस मोबाइलसुद्धा कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर चार्ज होतो. अशा गावात हळद, लग्न, वरात, सगळं मिळून हजार-बाराशे फोटो निघतात. भागीदार एक बॅटरी घालून येतो आणि तीच घेऊन घरी जातो. माझ्या खिशात तीन असतात आणि कोणती भरलेली, कोणती रिकामी हे ओळखायला रबर बांधलेलं असतं. कॅननवाल्याने निदान एक जादा बॅटरी पहिल्याच दिवशी घ्यावी. तो खर्च कॅमेऱ्याच्या किमतीतच धरायचा, नंतरचा म्हणून सोडायचा नाही.

आता फ्लॅश. याबद्दल दुकानात कोणी बोलत नाही. कॅमेऱ्याच्या डोक्यावर फ्लॅश बसवायची जी खाच असते, तिच्या मधोमध एक धातूचा ठिपका असतो. कोणत्याही कंपनीचा साधा फ्लॅश त्या ठिपक्यावरून पेटतो. १५००डीमध्ये कॅननने हा ठिपकाच काढून टाकलाय. म्हणजे स्टुडिओत बापाच्या काळापासून पडून असलेला मॅन्युअल फ्लॅश, छत्रीतला लाइट दुरून पेटवायचा साधा स्वस्त ट्रिगर, यातलं काही या कॅमेऱ्यावर चालणार नाही. कॅननसाठीच बनवलेला फ्लॅश किंवा ट्रिगर लागतो. तो इतर कंपन्यांचाही मिळतो, पण घेताना या मॉडेलवर लावून, पेटवून बघावा. निकॉनच्या खाचेत ठिपका जागेवर आहे. ज्याच्या घरात आधीपासून जुने फ्लॅश आहेत त्याने हे वाचूनच निर्णय घेतला तरी चालेल.

लेन्सच्या बाबतीत पारडं उलटं फिरतं. कॅननची ईएफ लेन्स १९८७ पासूनची कोणतीही असो, १५००डीवर ती आपोआप फोकस करते, कारण मोटर लेन्समध्येच असते. निकॉनची लेन्स बसवायची खाच १९५९ पासूनची, जुन्या लेन्स ढिगाने मिळतात, पण डी३५००च्या अंगात फोकसची मोटर नाही. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेली लेन्सच आपोआप फोकस करेल. नागपूरच्या सीताबर्डीत जुन्या मालात ५० एमएमची 'डी' प्रकारची निकॉन लेन्स स्वस्तात दिसली की नवखा माणूस लगेच हुरळतो. ती बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. मंगलाष्टकं सुरू असताना अंतरपाट खाली येतो त्या क्षणी हाताने फोकस करून बघा, मग कळेल.

तरीही खोलीतल्या फोटोंसाठी मी निकॉनच्या बाजूने आहे. १८-५५ ची लेन्स पूर्ण पुढे नेली की एफ ५.६ वर येते; एफचा आकडा जेवढा लहान, तेवढा उजेड जास्त. एफ १.८ ची लेन्स तिच्या जवळपास दहापट उजेड आत घेते. हळद लागते ती घरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत, एका बल्बच्या उजेडात, आणि आत पंधरा बाया. कॅननची ५० एमएम १.८ स्वस्त आहे, वजन अवघं १६० ग्रॅम, सगळे तीच घेतात. पण या कॅमेऱ्यांचा सेन्सर लहान असल्याने ती ८० एमएमसारखी वागते. भिंतीला पाठ टेकली तरी चौकटीत नवरी आणि एक करवली, एवढंच मावतं. निकॉनकडे याच आकाराच्या सेन्सरसाठी ३५ एमएम १.८ आहे. ती साधारण ५२ सारखी वागते आणि तीच खोली नीट मावते. कॅननमध्ये त्या तोडीची स्वस्त लेन्स नाही. २४ एमएम २.८ ची चपटी लेन्स मिळते, छान आहे, पण उजेड निम्म्याहून कमी.

पळत्या गोष्टींसाठी निकॉन. तो सेकंदाला ५ फोटो काढतो, कॅनन ३. तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी सुटली की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच ती समोरून निघून जाते. कॅननच्या दोन फोटोंमध्ये सेकंदाचा तिसरा हिस्सा जातो. नेमका धुळीतून उसळलेला बैल त्या फटीत हरवतो. फोकसचे बिंदू निकॉनला ११, कॅननला ९, पण उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणारा, भरवशाचा क्रॉस प्रकारचा बिंदू दोन्हींत एकच, मधला. म्हणून मी दोन्हींवर मधलाच ठेवतो आणि चौकट नंतर कापतो. ताडोब्याला जायचं असेल तर कॅननची ५५-२५० लेन्स दूरचं ४०० सारखं जवळ आणते, निकॉनची ७०-३०० एएफ-पी ४५० सारखं. वाघ पन्नास पावलांवर असला तर दोन्ही पुरतात, तळ्यापलीकडे असला तर दोन्ही अपुऱ्या. कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या आतल्या भागात, मोबाइल नेऊ देत नाहीत, त्यामुळे तिथे या साध्या कॅमेऱ्यालाही मान आहे.

फोटो मोबाइलवर घेण्याचं थोडक्यात. कॅननला वायफाय आहे, पूर्ण आकाराचा फोटो फोनवर येतो. निकॉनला फक्त ब्लूटूथ, त्यावरून २ मेगापिक्सेलची लहान प्रत आपोआप येत राहते. नवरदेवाच्या बहिणीला फोटो स्टेटसला आत्ताच्या आत्ता पाहिजे असतो, आणि स्टेटसला २ मेगापिक्सेल भरपूर झाले. पूर्ण फोटो हवाच असेल तर कार्ड रीडर फोनला लावायचा. यावरून कॅमेरा निवडू नये.

व्हिडिओसाठी घेत असाल तर दोन्ही नको. निकॉन फुल एचडीत सेकंदाला ६० चौकटी घेतो, कॅनन ३०, पण बाहेरचा माइक लावायची जागा दोन्हींत नाही आणि चालत्या माणसावर फोकस धरताना दोन्ही चाचपडतात. कॅननच्या २००डी मार्क २ मध्ये माइक, वळणारा पडदा आणि चांगला व्हिडिओ फोकस मिळतो. तेवढे पैसे असतील तर तो वेगळा विचार.

धूळ आणि ऊन यांच्यापुढे दोघेही सारखेच गरीब. दोन्ही कंपन्या ४० अंशांपर्यंतच हमी देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, म्हणजे अर्धी लग्नसराई आपण हमीच्या बाहेरच काम करतो. गाडीच्या डिक्कीत कॅमेरा ठेवायचा नाही, एवढं तरी पाळावं. सेन्सरवरची धूळ आपोआप झटकायची सोयही दोन्हींत नाही. मी एकदा कापूस जिनिंगच्या आवारात लेन्स बदलली. नंतरच्या सगळ्या फोटोंत आभाळावर काळे ठिपके, आणि ते एकेक करून पुसण्यात माझ्या दोन रात्री गेल्या. तेव्हापासून लेन्स बदलायची ती चारचाकीत, काचा लावून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून.

राहिला सगळ्यात साधा मुद्दा. निकॉनने डी३५०० बनवणं थांबवलंय. तो आता जुन्या बाजारात शोधावा लागतो. कॅनन नवा, वॉरंटीसह मिळतो. जुना निकॉन घेताना एक सोय मात्र आहे: त्याने काढलेल्या फोटोच्या फाइलमध्येच आजवर किती फोटो निघाले तो आकडा नोंदलेला असतो. विकणाऱ्याला ताजा फोटो काढायला लावायचा, फाइल जशीच्या तशी घ्यायची आणि संगणकावर किंवा शटर काउंट दाखवणाऱ्या साइटवर आकडा बघायचा. व्हॉट्सॲपवरून साधा पाठवलेला फोटो चालत नाही, त्यातली नोंद पुसली जाते. १५००डीच्या फाइलमध्ये हा आकडा येतच नाही, म्हणून जुना १५००डी घेणं म्हणजे मीटर तोडलेली मोटारसायकल घेण्यासारखं. शिवाय लेन्समधून टॉर्च मारून बुरशी बघायची, आपल्या पावसाळ्यात ती हटकून धरते. मग एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढून ठिपके मोजायचे.

तर भाच्याला काय सांगितलं? कॅमेरा म्हणून मला निकॉन जास्त आवडतो. बॅटरी, वेग, अंधारातली स्वच्छता आणि ती ३५ ची लेन्स, या चार गोष्टींत तो सरळ पुढे आहे. ज्याच्या ओळखीत कोणाकडेच काही नाही आणि ज्याला कमी वापरलेला डी३५०० मिळतोय, त्याने डोळे झाकून तो घ्यावा.

पण भाच्याला मी कॅनन घ्यायला सांगितलं. मांडवात कोणाचाही कॅमेरा एकटा नसतो, सगळी उसनवारी चालते. माझ्याकडे कॅननची ५० आहे, ५५-२५० आहे, कॅननचा फ्लॅश आणि ट्रिगर आहे. त्याची पहिली दोन वर्षं माझ्या पेटीवर निघतील आणि तुरीच्या पैशातले उरलेले त्याच्या प्रिंटरला जातील. ओळखपत्रं आणि पासपोर्ट फोटो हेच त्याचं बारमाही उत्पन्न, त्याला प्रिंटर आधी लागेल. तो माझ्या भागीदाराचा भाचा असता तर मी उलट सांगितलं असतं.

चार दिवसांनी यवतमाळच्या दुकानातून फोन आला. "मामा, हा म्हनते ३०००डी घ्या. आकडा बी मोठा हाये अन् पैसे बी कमी."

म्हटलं, बाप्पा, कॅननमध्ये आकडा मोठा म्हणून कॅमेरा मोठा होत नाही. ३०००डी १८ मेगापिक्सेलचा, मागचा पडदा २.७ इंची आणि अंधुक, लेन्स अडकवायची कडी धातूची नाही, प्लास्टिकची, आणि चष्म्याच्या नंबराप्रमाणे खिडकी जुळवायची चकतीसुद्धा नाही. चष्मा तर तुला दहावीपासून आहे.

"मंग?"

मंग खोक्यावर १५००डी लिहिलेलं वाच, कार्ड टाकून दोन फोटो काढ, आणि दुसरी बॅटरी घेतल्याशिवाय दुकानातून हलू नको.