सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: भाडं पुढच्या फटक्याला

लेक एडिनबरात असते, त्यामुळे तीन उन्हाळे तिकडे जातोय आणि तिन्ही वेळा सोडतीत नाव टाकलं. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर कोण खेळणार याची सोडत दोन दिवस आधी निघते. यंदा एकदाचं नाव लागलं. माझं वय ६३, हँडिकॅप २१ (म्हणजे ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण तितके जास्त लागतात), आणि नोकरी गेली सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते बांधण्यात. हे शेवटचं पुढे कामाला येईल.

पहिल्या टीवर (होलचा पहिला फटका जिथून मारतात तिथे) उभं राहिल्यावर खरं सांगायचं तर हिरमोड झाला. सपाट माळ, पहिल्या आणि अठराव्या होलला मिळून एकच फेअरवे (कापलेल्या गवताचा पट्टा), औषधालाही झाड नाही. पुण्यात झाडांमधून वाट काढायची सवय. इथे डावीकडे नुसतं मोकळं रान. तिसऱ्या होलपर्यंत मी जावयाला सांगत होतो, "अरे, हे तर सोपं आहे." प्रत्येक वेळी डावीकडे मारायचो, चेंडू छान सापडायचा, आणि दुसऱ्या फटक्याला माझ्या नि झेंड्याच्या बरोबर मध्ये एखादा बंकर (वाळूचा खड्डा) नाहीतर उंचवटा. उजवीकडे काटेरी झुडपं, पण त्यांच्या जवळून गेलेल्याला ग्रीन (झेंड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ) सरळ उघडं. म्हणजे जागा भरपूर देतात, भाडं पुढच्या फटक्याला घेतात. हे कळायला मला नऊ होल लागले.

ग्रीनही दुहेरी. चौदा होलना मिळून सात, आणि जोडीच्या आकड्यांची बेरीज नेहमी १८: दुसरा-सोळावा, तिसरा-पंधरावा. माझा एक पट (ग्रीनवर चेंडू होलकडे लोटायचा फटका) चाळीसेक पावलांचा होता. सातवा आणि अकरावा होल तर एकमेकांना छेदतात. असा चौक आम्ही सिग्नलशिवाय मंजूर केला नसता.

बाराव्याला टीवरून काहीच दिसत नाही. मी मधोमध सणसणीत मारला, स्वतःवर खूश झालो, आणि चेंडू गायब. फेअरवेच्या पोटात बंकर लपलेत.

सतराव्यासाठी मात्र पैसे वसूल. ४९५ यार्डांचा पार ४, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल (आम्ही पुढच्या टीवरून खेळलो). टीसमोर हॉटेलची शेड, कॅडी (पिशवी वाहणारा सोबती) त्यावरच्या एका अक्षराकडे बोट दाखवून म्हणतो, याच्यावरून मारा. उजवीकडे गेला तर चेंडू हद्दीबाहेर. धाडस केलं तर ग्रीन लांबीनं मिळतं. डावीकडे पळालात तर तेच ग्रीन आडवं, अरुंद, पुढे खोल बंकर आणि मागे डांबरी रस्ता. त्या बंकरमधून बाहेर यायला १९७८ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत जपानच्या नाकाजिमाला बरेच फटके लागले, होलवर एकूण ९ झाले. १९८४ च्या ओपनमध्ये अमेरिकेच्या टॉम वॉटसनचा चेंडू ग्रीन ओलांडून रस्त्यावर, भिंतीजवळ गेला आणि जिंकला स्पेनचा सेव्ह बॅलेस्टेरोस. मी पळपुटेपणानं डावीकडे मारलं, मग बंकरच्या धास्तीनं जास्तच जोर लावला आणि थेट रस्त्यावर. सवलत नाही, आहे तिथून खेळा. आयुष्यभर रस्ते बांधले, पण डांबरावरून चेंडू कसा उचलायचा ते खात्यानं शिकवलं नव्हतं. एकूण आठ फटके.

अठराव्याबद्दल फार लिहित नाही. ग्रीनपुढचा खोलगट भाग सोडला तर फोटोसाठी ठीक.

रविवारी कोर्स खेळाला बंद असतो, लोक कुत्री घेऊन फिरायला येतात. आम्हीही गेलो, अठराव्याकडून उलटं चालत. पूर्वी हा कोर्स उलट्या दिशेनं खेळत असत हे वाचलं होतं, पण बाराव्याच्या ग्रीनवरून टीकडे पाहिलं तेव्हा कुठे डोक्यात शिरलं. टीवरून न दिसलेले सगळे बंकर तोंड वासून आमच्याकडे बघत होते. जावयानं तिथून फोटो काढला. टीवरच्या फोटोशेजारी ठेवला तर ही एकच जागा आहे हे लेकीला अजून पटलेलं नाही.