आइसलँडमधील भाड्याची गाडी आणि माझे २,४०,१०३ रुपये

भाड्याच्या गाडीच्या व्यवहारात प्रवाशाला कसे लुबाडतात हे मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. जुने नुकसान नव्या गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे आणि तो घरी पोहोचला की कार्डावरून परस्पर पैसे वळते करायचे, ही युक्ती आता सर्वांना पाठ आहे. निघण्यापूर्वी मेहुण्याला मी याच विषयावर अर्धा तास उपदेश केला होता. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये आठ दिवसांच्या आइसलँड प्रवासानंतर माझ्या कार्डावरून ३,७८,००० क्रोना गेले. त्यांपैकी ३,६८,५०० 'गाडीच्या तळाचे नुकसान' म्हणून आणि ९,५०० ते नुकसान कागदावर मांडण्याच्या श्रमाबद्दल! बँकेचा अधिभार व त्यावरील कर धरून ही रक्कम २,४०,१०३ रुपये झाली. गाडीचे मूळ भाडे ९६,४०० क्रोना होते.

केफ्लाविक विमानतळाबाहेर गाडी मिळाली तेव्हा ती नुकतीच धुतलेली होती आणि तिच्यावरून पाणी निथळत होते. ओल्या पत्र्यावर ओरखडे दिसत नाहीत, हे मी मेहुण्याला सांगितले होते. मी स्वतः पुढच्या बंपरवरून बोट फिरवले, खालच्या कडेला ते खरखरीत लागले, आणि मी वाकणार तोच कर्मचाऱ्याने टॅबलेट पुढे करून, या वाऱ्यात उभे राहू नका, बारीक ओरखडे आम्ही मोजत नाही, असे हसत सांगितले. मी सरळ झालो आणि सही केली. त्या क्षणाची आठवण झाली की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. वास्तविक दीड दिवसाच्या प्रवासाने आम्ही थकलो होतो, पत्नीचे डोके दुखत होते आणि वारा असा होता की गाडीचे दार दोन्ही हातांनी धरावे लागत होते. त्या स्थितीत चिखलात आडवे होऊन गाडीचा तळ पाहणारा माणूस मला दाखवावा. तुम्ही मात्र आडवे व्हाच, आणि गाडी ओली असेल तर ती पुसून मिळेपर्यंत सही करू नका.

विम्यात मी कंजुषी केलेली नव्हती. रिंग रोड, म्हणजे बेटाला वळसा घालणारा सुमारे १,३२० किलोमीटरचा मार्ग क्रमांक १, दक्षिणेला स्केदारारसांदुरच्या काळ्या वाळूच्या मैदानातून जातो. १९७४ साली तेथील पूल झाल्यावरच हे वर्तुळ पूर्ण झाले आणि १९९६ च्या हिमनदीच्या पुराने ते पुन्हा तोडले. वाकलेल्या गर्डरचे तुकडे आजही रस्त्याकडेला स्मारकासारखे ठेवले आहेत. तेथे उडणारी वाळू गाडीचा रंग खरवडून काढते, म्हणून वाळू, राख आणि खडी यांचा जादा विमा मी रोज २,८०० क्रोना, एकूण २२,४०० क्रोना देऊन घेतला. गाडीचा तळ मात्र त्यात येत नाही, हे कराराच्या सहाव्या पानावर होते. विम्यात काय येत नाही, ते आधी वाचा.

परत करताना दुसऱ्या कर्मचाऱ्याने कोणत्या मार्गाने गेलात असे सहज विचारले आणि मी भोळेपणाने सगळा प्रवास उत्साहाने सांगितला, त्यात बेरुफ्योर्दुरहून एगिल्सस्तादिरकडे जाणारा ओक्सी घाटही आला. हा घाट खडीचा व तीव्र चढाचा असला तरी तो 'एफ' क्रमांकाचा डोंगरी रस्ता नव्हे. साध्या गाडीला मनाई असते ती त्या रस्त्यांवर. तो घाट आम्ही ताशी तीस किलोमीटरने ओलांडला. (पत्नी 'नको' म्हणाली होती, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.) ओक्सीचे नाव ऐकताच तो टॉर्च घेऊन खाली झोपला आणि इकडेतिकडे न शोधता थेट बंपरमागच्या काळ्या प्लास्टिकच्या फाटक्या कडेवर त्याने प्रकाश टाकला. ठेवलेली वस्तू माणूस अशी काढतो. मार्ग विचारला तर 'रिंग रोड' एवढेच सांगा.

तेथील पोलिसांनी हा दिवाणी वाद आहे म्हणून पाच मिनिटांत वाटेला लावले. ज्या संकेतस्थळावरून गाडी ठरवली त्याने कंपनीकडे बोट दाखवले, कंपनीने कराराकडे. पण खरा संताप माझ्या बँकेचा, जिचे कार्ड मी अकरा वर्षे वापरतो आहे. पहिल्या बाईंनी अर्ज करायला सांगितले, दुसऱ्या गृहस्थांनी तोच अर्ज दुसऱ्या नमुन्यात मागितला, तिसऱ्याने इंग्रजी करारच 'इंग्रजीत भाषांतर करून' आणा म्हटले. प्रत्येक वेळी नवा तक्रार क्रमांक, प्रत्येक वेळी पहिल्यापासून कर्मकथा, आणि ४७ दिवसांनी दोन ओळींचे उत्तर, की करारावर आपली सही असल्याने व्यवहार वैध आहे. पावतीच्या प्रतीसाठी कंपनीला मी नऊ पत्रे लिहिली. दुरुस्तीची पावती आजतागायत आलेली नाही, कारण दुरुस्तीच झालेली नसणार.

उत्तर आल्यावर मी सगळी छायाचित्रे पुन्हा पाहिली. पहिल्याच दिवशी सेल्यालँड्सफॉस धबधब्याजवळ पत्नीचे एक छायाचित्र काढले होते. तिच्या मागे आमची गाडी आहे आणि बंपरखाली ती प्लास्टिकची कड लोंबताना स्पष्ट दिसते. विमानतळापासून तेथवरचा सगळा रस्ता डांबरी आहे. ते छायाचित्र मी बँकेला पाठवले. ते गाडी ताब्यात घेतल्यानंतरचे असल्याने ग्राह्य धरता येत नाही, असे त्यांनी कळवले. सही दुपारी १.१० ची आहे, छायाचित्र ५.४० चे.