विद्यापीठाच्या कामाला निघताना: स्वतःची गाडी, विद्यापीठाची की भाड्याची?

दौऱ्याचा आदेश निघाला की विभागात पहिली चर्चा दराची होते. स्वतःची गाडी नेली तर किलोमीटरमागे किती मिळतील, भाड्याच्या गाडीचं बिल मंजूर होईल का, विद्यापीठाची गाडी त्या दिवशी मोकळी आहे का. क्षेत्रभेटी आणि परीक्षांच्या दौऱ्यांचं नियोजन करू लागले तेव्हा मीही याच क्रमाने विचार करत असे. आता आधी गाडीतली एकेक जागा डोळ्यांसमोर आणते. चालवणार कोण, शेजारी कोण, मागे कोण, आणि अपघात झालाच तर यांपैकी कुणाच्या घरच्यांना विम्यातून काही मिळणार नाही. तिन्ही प्रकारच्या गाड्यांत उघडी पडणारी जागा वेगवेगळी असते. निवड करायची ती त्यावरून करावी, असं माझं ठाम मत आहे.

स्वतःची गाडी

आधी एक गैरसमज दूर करू. "खासगी गाडी ऑफिसच्या कामाला नेली की विमा बाद" असं अनेकजण सांगतात. आपल्याकडच्या खासगी मोटारीच्या प्रमाणित पॉलिसीत तसं लिहिलेलं नसतं. भाड्याने वापर, मालवाहतूक, शर्यती, वेगाच्या चाचण्या आणि वाहनव्यवसायाशी संबंधित वापर एवढं वगळून बाकी कोणत्याही कारणासाठी गाडी चालवता येते. बैठकीला, तोंडी परीक्षेला, संलग्न महाविद्यालयाच्या तपासणीला तुम्ही स्वतःच्या गाडीने गेलात आणि विद्यापीठाने प्रवासभत्ता दिला, तर तुमच्या खर्चाची ती भरपाई असते, गाडीचं भाडं नव्हे. पण तीन सहकाऱ्यांना बसवून त्यांच्याकडून डोई ठरावीक रक्कम घेतली, तर "भाड्याने वापर" असा मुद्दा विमा कंपनीला आयताच मिळतो. तेव्हा एका गाडीचा भत्ता एकानेच घ्यावा आणि बाकीच्यांनी आपल्या बिलात "सहकाऱ्याच्या गाडीतून प्रवास" असं स्वच्छ लिहावं.

मालवाहतुकीच्या अटीकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. तिला सूट आहे ती नमुन्यांची आणि वैयक्तिक सामानाची. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे किंवा प्रयोगशाळेची उपकरणं यांपैकी कशातच सहज बसत नाहीत. शिवाय उपकरण फुटलं तर मोटार विमा त्याची किंमत देत नाही, त्याचा विमा वेगळा काढावा लागतो. गठ्ठे असतील तर मी सरळ विद्यापीठाची गाडी मागते.

आता खरी महत्त्वाची गोष्ट. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे प्रत्येक गाडीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. जुन्या गाडीला अनेकजण तेवढाच काढतात. पण खासगी मोटारीत बसलेला सहकारी या विम्यात त्रयस्थ धरला जात नाही. २००६ मध्ये युनायटेड इंडिया विरुद्ध तिलक सिंह आणि २००८ मध्ये ओरिएंटल विरुद्ध सुधाकरन या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. हे दोन्ही खटले तर दुचाकीवर मागे बसलेल्या व्यक्तींचे होते. पॅकेज पॉलिसी, म्हणजे थर्ड पार्टीबरोबर स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी, असेल तर मात्र गाडीतल्या प्रवाशांची जबाबदारी कंपनीवर येते, हे २०१२ च्या नॅशनल विरुद्ध बालकृष्णन या निकालात मांडलं आहे. त्यामुळे सहकाऱ्याला "बसा हो, मीही तिकडेच चाललोय" म्हणण्याआधी आपली पॉलिसी उघडून बघावी. ती फक्त थर्ड पार्टी असेल, तर चूक आपली ठरल्यावर सहकाऱ्याच्या कुटुंबाची भरपाई आपल्या खिशातून जाते.

मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण सक्तीचं आहे. ते मालकाचं आहे आणि मालक स्वतः वैध लायसन्सवर गाडी चालवत असतानाचं आहे. परतीच्या वाटेवर तुम्ही थकलात आणि सहकाऱ्याने स्टिअरिंग हातात घेतलं, की ते १५ लाख त्याच्या मागे येत नाहीत. उसन्या गाडीचा चालक मालकाच्या जागी धरला जातो, असं २००९ च्या निंगम्मा प्रकरणात न्यायालयाने म्हटलं आहे. त्याच्याच चुकीने अपघात झाला तर त्याच्या घरच्यांना त्या गाडीच्या विम्याकडे त्रयस्थ म्हणून जाता येत नाही. दोघं आळीपाळीने चालवणार असाल तर पॅकेज पॉलिसीला नाव घालून किंवा अनामिक प्रवाशांसाठी वैयक्तिक अपघाताची जोड घ्यावी. तिचा हप्ता किरकोळ असतो.

आणखी एक नुकसान मुकाट्याने होतं. काम विद्यापीठाचं, पण बंपर तुटला तर दावा तुमच्या पॉलिसीवर. पाच वर्षं सलग दावा नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि एका दाव्याने ती शिडी पुन्हा शून्यावर येते. वर १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीला १,००० रुपये, त्यापुढच्या मोटारीला २,००० रुपये सक्तीची वजावट, म्हणजे दाव्यातला कंपनी न देणारा भाग, तुम्हीच भरायची. किलोमीटरच्या दरात हे सगळं धरलेलं आहे असं मानलं जातं. केंद्र सरकारच्या २०१७ च्या आदेशात, जिथे परिवहन खात्याचा दर ठरलेला नाही अशा ठिकाणी, स्वतःच्या मोटारीसाठी किलोमीटरला २४ रुपये आणि स्कूटरसाठी १२ रुपये दिले होते. तुमच्या विद्यापीठाला आज कोणता दर लागू आहे, हे वित्त विभागाकडून लेखी घ्या. पूर्वपरवानगीच्या पत्रात "स्वतःच्या वाहनाने" हे शब्द आणि गाडीचा क्रमांक हवाच. नंतर बिल अडतं ते बहुतेक वेळा याच दोन गोष्टींवर.

विद्यापीठाची गाडी

सरकारच्या मालकीच्या गाड्यांना सरकारी कामापुरती विम्यातून सूट आहे. विद्यापीठ ही कायद्याने स्थापन झालेली स्वतंत्र संस्था आहे, तिची गाडी सरकारच्या मालकीची नसते. त्यामुळे "सरकारी गाडीसारखीच आहे, विम्याचं काय" हे ऐकलं तरी पॉलिसीची मुदत बघून घ्या. विनाविमा गाडी चालवण्याला कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे, आणि त्यात चालवणाराही सापडतो.

या पर्यायाचा मोठा फायदा म्हणजे दावा, वजावट, बोनस हे सगळं संस्थेच्या माथी. पण उघडी जागा इथेही आहे, आणि ती नेमकी चालकाची. मालक-चालकाचं १५ लाखांचं संरक्षण संस्थेच्या नावावरच्या गाडीला देता येत नाही, कारण संस्था गाडी चालवत नाही. म्हणजे विभागप्रमुखांनी सुट्टीवर गेलेल्या चालकाऐवजी स्वतः गाडी काढली, तर त्यांच्यासाठी ते संरक्षण मुळात नाहीच. पगारी चालकाची कायदेशीर जबाबदारी आणि मालकाच्या मोटारीत प्रवास करणाऱ्या किंवा ती चालवणाऱ्या इतर कर्मचाऱ्यांची जबाबदारी यांसाठी दोन वेगळ्या जोडण्या असतात. पॉलिसीच्या कागदावर त्या आयएमटी २८ आणि आयएमटी २९ अशा क्रमांकांनी दिसतात. २८ बहुतेक ठिकाणी असते, २९ शोधावी लागते. परिवहन विभागातल्या बाबूंना हे विचारायला संकोचू नका. कागद त्यांच्याच फायलीत असतो आणि एकदा विचारलं की पुढच्या नूतनीकरणात जोडणी घातली जाते, असा माझा अनुभव आहे.

विद्यार्थ्याच्या हाती गाडी देऊ नये, मग तो कितीही चांगला चालवत असो. लायसन्स नसलेल्याला गाडी देणं हा कलम १८० खाली वेगळा गुन्हा आहे आणि दंड ५,००० रुपये आहे. लायसन्स असलं तरी संस्थेने अधिकृत न केलेला चालक म्हणजे अपघातानंतर संस्था आणि तुम्ही समोरासमोर. लॉगबुकात मार्ग लिहिलेला असतो. वाटेत घरी जाऊन यायचं असेल तर आधी विचारा, कारण आडवाट खासगी कामाची ठरली तर संस्था हात वर करू शकते.

विद्यार्थी असतील तर

चालक सोडून सहापेक्षा जास्त माणसं नेणारी, शिक्षणसंस्थेच्या मालकीची आणि केवळ तिच्या विद्यार्थी-कर्मचाऱ्यांसाठी वापरली जाणारी गाडी कायद्यात "शैक्षणिक संस्थेची बस" ठरते आणि परिवहन वाहनांत मोडते. कायदेशीर जबाबदारी वाढते, पण प्रवाशांसाठी हे चांगलंच आहे. परिवहन वाहनातल्या प्रवाशांचं संरक्षण किमान सक्तीच्या विम्यातच येतं. ते बसच्या आसनसंख्येइतकंच असतं, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. २००७ च्या अंजना श्याम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की जास्त माणसं कोंबली असली तरी कंपनीची जबाबदारी परवानगी असलेल्या संख्येपुरतीच. बाविसाव्या आसनावर तेविसावा विद्यार्थी "थोडा सरकून" बसवणं म्हणजे बावीसच जणांची भरपाई तेवीस जणांत वाटायला लावणं. दुसरी गाडी घ्या किंवा दोन फेऱ्या करा.

चालकाच्या लायसन्सबद्दल अनेक वर्षं गोंधळ होता. ६ नोव्हेंबर २०२४ च्या घटनापीठाच्या निकालानंतर, एकूण वजन ७,५०० किलोपेक्षा कमी असलेलं परिवहन वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येतं. त्याहून मोठ्या बसला परिवहनाचं लायसन्स लागतंच.

विद्यार्थ्यांनी आपापल्या दुचाक्यांवर क्षेत्रभेटीला यावं, ही सूचना मी कधीच मान्य करत नाही. मागे बसणारा बहुतेक वेळा कोणत्याच विम्यात नसतो.

भाड्याची गाडी

पिवळ्या नंबरप्लेटची टॅक्सी ही परिवहन वाहन असल्यामुळे तिच्यात बसलेले तुम्ही सगळे सक्तीच्या विम्याच्या आत असता. चार सहकारी मिळून जाणार असाल आणि कुणाच्याही गाडीला पॅकेज पॉलिसी नसेल, तर माझ्या मते प्रश्न इथेच संपतो. बिल जास्त आलं तरी टॅक्सी घ्या.

अट एवढीच की ती खरी टॅक्सी हवी. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या प्लेटची गाडी "भाड्याने" स्वस्तात मिळते. ती खासगी म्हणून नोंदलेली असते, परवाना नसतो आणि पॉलिसीत भाड्याचा वापर वगळलेला असतो. परवाना नसणं हा मूलभूत भंग आहे, असं २०१८ च्या अमृत पाल सिंह प्रकरणात न्यायालयाने म्हटलं. तिथे कंपनीने त्रयस्थाला भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करायची असा आदेश झाला. आत बसलेल्यांसाठी मात्र वादाला भरपूर जागा उरते. इलेक्ट्रिक टॅक्सीची प्लेट हिरवी असते, तिच्यावरची अक्षरं पिवळी असतील तर ती परिवहन वाहन आहे. काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने दिलेली गाडी. तिच्या करारात चालकाचं नाव आणि नुकसानीची मर्यादा वाचल्याशिवाय सही करू नका, आणि करारात नाव नसलेल्याच्या हाती ती देऊ नका.

गाडी ठरवताना आरसी, विमा, परवाना, फिटनेस आणि पीयूसी यांच्या प्रती आदल्या दिवशी मागवा. डिजिलॉकरमधल्या प्रती चालतात. चालकाच्या तासांचाही विचार करा. २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेत सामावल्या गेलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ प्रमाणे दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. पहाटे पाचला निघून रात्री अकराला परतायचं असेल तर दुसरा चालक किंवा मुक्काम ठरवावा लागतो. विद्यापीठाने वर्षभराच्या करारावर गाडी चालकासह घेतली असेल आणि चालक विद्यापीठाच्याच हुकुमावर चालत असेल, तर जबाबदारी विद्यापीठावरही येऊ शकते. राजस्थान परिवहन महामंडळाच्या १९९७ च्या कैलाशनाथ कोठारी प्रकरणात भाड्याने घेतलेल्या बससाठी महामंडळ असंच जबाबदार धरलं गेलं.

मग कोणती?

एकटे जाणार, अंतर थोडं आणि हातात फक्त बॅग असेल तर पॅकेज पॉलिसीची स्वतःची गाडी सर्वांत सोयीची. गठ्ठे, उपकरणं किंवा बाहेरून आलेले परीक्षक असतील तर विद्यापीठाची गाडी आणि विद्यापीठाचाच चालक. तीन-चार सहकारी आणि लांबचा पल्ला असेल तर टॅक्सी. विद्यार्थी असतील तर बस, आसनं मोजून.

कोणतीही गाडी असो, अपघात झाल्यास जखमींना उपचार मिळवून देणं, पोलिसांना कळवणं आणि विमा कंपनीला माहिती देणं ही तिन्ही कामं कलम १३४ ने चालकावर टाकली आहेत. म्हणून निघण्याआधी पॉलिसीचा क्रमांक, विमा कंपनीचा दूरध्वनी आणि कुलसचिव कार्यालयाचा क्रमांक एका कागदावर लिहून तो चालकाशेजारच्या कप्प्यात ठेवा. फोन बंद पडला तरी कागद सापडतो.