फॅट मशीन: नऊ महिन्यांनंतर

गावच्या दूध संकलन केंद्रावर मी सचिव आहे. दूध तपासणारं अल्ट्रासॉनिक अ‍ॅनालायझर मशीन बसवून नऊ महिने झाले.

आधी फॅट मोजायला गर्बर पद्धत होती. ब्युटिरोमीटर म्हणजे आकडे आखलेल्या काचेच्या नळीत १० मिली सल्फ्युरिक अ‍ॅसिड, त्यावर १०.७५ मिली दूध, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवायचं. त्या अ‍ॅसिडनं माझ्या दोन पँटींची चाळण झाली. आता मिनिटभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग) दोन्ही येतात, पावती निघते, मेसेज जातो. या कामाला पूर्ण मार्क.

पण पूर्वी फॅट कमी लागली की भांडण व्हायचं. "नीट बघ की रं, चारला टेकलंय!" मग नळी उजेडाला धरून दोघं बघायचो. आता पावती बघतात आणि गप निघून जातात. मशीनशी कोण भांडणार? मला आधी बरंच वाटलं.

श्रावणात एका काकूंच्या गाईच्या दुधाची एसएनएफ ७.९ आली. गाईच्या दुधाचा दर ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ धरून असतो, म्हणजे सरळ कपात. काकू पावती घेऊन वळल्यासुद्धा. माझं लक्ष सॅम्पलच्या बाटलीकडे गेलं, तर वर फेस. नुकती धार काढलेली, त्यात पोरानं कॅन गाडीवरून खडखडत आणलेला. हवेचे बुडबुडे असले की मशीनचा आकडा भरकटतो. काकूंना हाक मारून थांबवलं, फेस बसू दिला, परत लावलं तर ८.५. त्याआधी अशा किती जणांची कपात झाली असेल कुणास ठाऊक. तेव्हापासून सॅम्पल हलक्या हातानं खालीवर करतो, घुसळत नाही. शंका आली की गर्बर लावतो. ते सामान म्हणूनच टाकलेलं नाही.

बाकी किरकोळ. मशीन रोज धुतलं नाही तर नळीत साय धरते. उन्हाळ्यात नासकं दूध ओढलं की चोंदते. इन्व्हर्टरशिवाय घेऊ नका. गाय-म्हैस बटण चुकलं की सगळंच चुकतं, आणि पहाटे साडेपाचला ते चुकतं. नावाऐवजी कोड झाल्यानं म्हाताऱ्यांची पंचाईत. आम्ही कॅनच्या झाकणावर रंगानं आकडे घातलेत.

भांडण मात्र संपलेलं नाही. काकूंचा मेसेज चाकणला कंपनीत असलेल्या त्यांच्या लेकाच्या मोबाइलवर जातो. आई घरी पोचायच्या आत त्याचा मला फोन, "दादा, आज एसएनएफ का कमी?" मागं पंधरा जण रांगेत, माझ्या हातात सॅम्पल. त्याला फेस कसा दाखवू?