स्नॅपशॉटची दोरी कोणाच्या हाती द्यायची: ॲरेच्या की बॅकअप सॉफ्टवेअरच्या?

मे महिना सरत आला की आमच्या रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात घरोघरी आगोटीची बेगमी सुरू होते आणि मला एकाच प्रश्नाचे फोन येऊ लागतात. "नवा ॲरे घेतलाय, स्नॅपशॉट त्यातच मिळतात. मग बॅकअपवाला स्नॅपशॉट इंटिग्रेशनसाठी वरचं लायसन्स का गळ्यात मारतोय?" फोन करणारा कधी कॅनिंग फॅक्टरीतला, कधी पतसंस्थेतला, कधी हॉस्पिटलातला. ॲरे म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधलेली डेटा साठवायची पेटी, आणि स्नॅपशॉट म्हणजे त्यातल्या डेटाची एका क्षणी गोठवलेली स्थिती. मी उलट विचारतो: व्हॉल्यूमवर, म्हणजे ॲरेतल्या त्या कप्प्यात, आहे काय? फाइली, डेटाबेस की व्हीएम (एका सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक)? पुढचं सगळं त्यावर ठरतं.

फाइलींचं आधी उरकतो, कारण तिथे वादच नाही. फाइल शेअरला ॲरेचं स्वतःचं शेड्यूल पुरतं. नेटॲप कंपनीच्या ॲरेवर चालणाऱ्या ओएनटॅप या प्रणालीत तर डिफॉल्ट पॉलिसीच असते: तासाचे 6, रोजचे 2 आणि आठवड्याचे 2 स्नॅपशॉट. मिरजोळे एमआयडीसीतल्या एका ऑफिसात अकाउंट्सच्या ताईंनी जीएसटीच्या शीटवर भलतीच शीट सेव्ह केली. त्यांना फोनवरच फोल्डरवर राइट क्लिक करून 'प्रीव्हियस व्हर्जन्स' उघडायला लावलं. अकरा वाजताची प्रत दिसली, ती त्यांनीच डेस्कटॉपवर ओढून घेतली. माझा चहा निवायच्या आत काम झालं. बॅकअप सॉफ्टवेअरमधून करायचं असतं तर आधी मला कन्सोलचा पासवर्ड शोधत बसावं लागलं असतं. फक्त ॲरेचं घड्याळ बघून घ्या. ते यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) असेल तर रात्री दोनचा म्हणून लावलेला स्नॅपशॉट सकाळी साडेसातला निघतो, आणि मासळीच्या धंद्यात साडेसात म्हणजे बिलांची ऐन गर्दी.

डेटाबेसपाशी मात्र गणित फिरतं. ॲरेला दिसतात फक्त ब्लॉक, म्हणजे डेटाचे ठरावीक आकाराचे तुकडे. त्यांत एसक्यूएल सर्व्हर आहे की लग्नाचे फोटो, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याने आपल्या वेळेला काढलेला स्नॅपशॉट म्हणजे लाइट गेली त्या क्षणी डिस्कवर जे होतं ते. तशा अवस्थेतून डेटाबेस आपला लॉग (बदलांची नोंदवही) वाचून बहुतेकदा उठतो, हे वादळवाऱ्यात आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण डेटा आणि लॉग वेगवेगळ्या लनवर (ॲरेने सर्व्हरला दिलेल्या डिस्कवर) असतील तर दोन्हींचे स्नॅपशॉट एकाच क्षणाचे हवेत, म्हणजे ॲरेवर कन्सिस्टन्सी ग्रुप बांधलेला हवा. तो बांधला नसेल तर डेटा दोन वाजताचा आणि लॉग दोन वाजून पाच सेकंदांचा, अशी विजोड जोडी हाती येते.

बॅकअप सॉफ्टवेअर इथे खरोखर पैसे वसूल करून देतं. विंडोजवर ते व्हीएसएस या विंडोजमधल्याच स्नॅपशॉट सेवेमार्फत डेटाबेसचं लिखाण थोपवतं. व्हीएसएस हे लिखाण 10 सेकंदांपलीकडे रोखून धरत नाही, पण स्नॅपशॉट काढताना ॲरेला डेटा कॉपी करायचा नसतो, ब्लॉकचा नकाशा गोठवायचा असतो. त्यामुळे तेवढ्या वेळात भागतं. मधला मार्गही आहे. नेटॲपचं स्नॅपसेंटर ॲरेच्याच घरातलं, तरी ओरॅकल आणि एसक्यूएलशी बोलून स्नॅपशॉट काढतं. एकाच कंपनीचा ॲरे असेल आणि डेटाबेसच सांभाळायचे असतील, तर मी ते आधी तपासून बघेन.

व्हीएम चालवणाऱ्या व्हीएमवेअरवर फरक आणखी ठळक आहे. साध्या बॅकअपमध्ये व्हीएमचा स्नॅपशॉट बॅकअप संपेपर्यंत उघडा राहतो, तोवरचं सगळं नवं लिखाण डेल्टा फाइलमध्ये साचतं आणि शेवटी ते मूळ डिस्कमध्ये मिसळताना व्हीएम गचका खातं. ओपीडीच्या वेळेत हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर अडकलं की रिसेप्शनवर काय ऐकून घ्यावं लागतं ते मला माहीत आहे. व्हीम हे बॅकअप सॉफ्टवेअर किंवा कॉमव्हॉल्टचं इंटेलिस्नॅप ॲरेशी जोडलं की क्रम बदलतो: व्हीएमचा स्नॅपशॉट काढला, लगेच ॲरेचा काढला, व्हीएमचा पुसून टाकला. डेटा वाचायचा तो ॲरेच्या स्नॅपशॉटमधून, सावकाश. मोठ्या आणि सतत लिहित्या व्हीएमना याचा फायदा जाणवतो. पाच-सात बारकी व्हीएम रात्री निवांत पडून असतील, तर यासाठी पैसे घालू नका.

परत आणताना ॲरे वेगात अव्वल. अख्खं व्हॉल्यूम काही क्षणांत मागे जातं. पण अख्खंच जातं. एका डेटास्टोअरवर (व्हीएमच्या फाइली ठेवायच्या जागेवर) बारा व्हीएम असतील आणि बिघडलंय एकच, तर उरलेल्या अकरांचं सकाळपासूनचं कामही पुसलं जाईल. ओएनटॅपमध्ये तर व्हॉल्यूम मागे नेलं की त्या स्नॅपशॉटनंतरचे स्नॅपशॉटही उडतात, म्हणजे चुकीचा निवडला तर पुन्हा पुढे येता येत नाही. ॲरेवरूनही क्लोन (स्नॅपशॉटची वापरता येणारी प्रत) काढून एकच व्हीएम उचलता येतं, पण क्लोन, मॅपिंग, रिस्कॅन, साफसफाई हे सगळं रात्री अडीचला हाताने करायचं. बॅकअप सॉफ्टवेअर तेच चार क्लिकमध्ये करतं.

आता गाऱ्हाणं. एका ठिकाणी सगळे स्नॅपशॉट बॅकअप सॉफ्टवेअरकडे सोपवले होते. पावसाळाभर लाइट ये-जा करत होती, बॅकअप सर्व्हरचा यूपीएस दमलेला, जॉब अर्ध्यात पडायचे. गणपतीत ॲरेचा पूल (डिस्कची एकत्रित जागा) 96 टक्के भरल्याचा मेल आला. सॉफ्टवेअरच्या यादीत स्नॅपशॉट 14, ॲरेवर मोजले तर 41. अर्ध्यात मेलेल्या जॉबचे 27 बेवारस स्नॅपशॉट जुने ब्लॉक धरून बसले होते. एकेकाची तारीख ताडून पुसण्यात माझी आरती हुकली. उलट बाजूही सांगतो: ॲरेवर कोणी परस्पर स्नॅपशॉट पुसला, तर सॉफ्टवेअर पुढची यादी ताजी करेपर्यंत तो आहे असंच समजतं, आणि रिस्टोअरच्या वेळी तोंडघशी पाडतं. एका व्हॉल्यूमला एकच धनी हवा.

जागेचा अंदाजही कागदावर मांडा. 10 टीबीचं व्हॉल्यूम, दिवसाला 3 टक्के बदल धरला तर रोजचे 300 जीबी. 14 दिवस ठेवायचे तर 4.2 टीबीपर्यंत तयारी हवी. रॅन्समवेअर आलं की हे गणित एका रात्रीत कोसळतं. ते सगळ्या फाइली नव्याने लिहितं, जुने ब्लॉक स्नॅपशॉटमध्ये अडकतात, पूल फुगतो. तेव्हा जागेसाठी 'ऑटो डिलीट' चालू असेल, तर सहसा सगळ्यात जुने, म्हणजे नेमके चांगले स्नॅपशॉट आधी जातात. आणि बॅकअप सॉफ्टवेअरला ॲरेचा ॲडमिन पासवर्ड दिला असेल, तर बॅकअप सर्व्हर ताब्यात घेणाऱ्याला ऑटो डिलीटची वाट बघायचीही गरज नाही. त्या खात्याला लागतील तेवढेच अधिकार द्या, आणि काही स्नॅपशॉट मुदतीआधी कोणालाच पुसता येणार नाहीत असे ॲरेवर कुलूपबंद ठेवा. प्युअर या ॲरे कंपनीचं सेफमोड किंवा नेटॲपचे टॅम्परप्रूफ स्नॅपशॉट याच कामाचे.

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हापासून तळमजल्यावरच्या ॲरेतल्या स्नॅपशॉटला बॅकअप म्हणणाऱ्याशी मी वाद घालत नाही, नुसतं त्याच्याकडे बघतो. प्रत बाहेर जायलाच हवी. ॲरेच्या रेप्लिकेशनला (दुसऱ्या ॲरेवर प्रत पाठवण्याला) पलीकडे सहसा त्याच घराण्याचा ॲरे लागतो. बॅकअप सॉफ्टवेअर साध्या डिस्कवर, टेपवर, क्लाउडवर कुठेही टाकतं, तेही दाबून (कॉम्प्रेस करून). 100 एमबीपीएसच्या लाइनवर 300 जीबी न दाबता पाठवायला, लाइन पूर्ण मिळाली तरी, 6 तास 40 मिनिटं लागतात. त्यात हायवेच्या कामात फायबर तुटली की ती रात्र गेलीच.

मी स्वतः असं लावतो: फाइल शेअर ॲरेच्या शेड्यूलवर, डेटाबेस आणि जड व्हीएम बॅकअप सॉफ्टवेअरकडे, बाहेरची प्रत सगळ्यांचीच सॉफ्टवेअरमधून, आणि कुलूपबंद स्नॅपशॉटच्या चाव्या सॉफ्टवेअरच्या हाती नाहीत. सही करण्याआधी तुमच्या ॲरेचं मॉडेल आणि फर्मवेअर सॉफ्टवेअरच्या यादीत आहे का ते बघा, आणि पुढे फर्मवेअर चढवतानाही पुन्हा बघा. डेमोला विक्रेता आला की त्याला एकच काम सांगा: जॉब अर्ध्यात असताना बॅकअप सर्व्हरची पिन काढ, दहा मिनिटांनी परत लाव, आणि ॲरेवर किती स्नॅपशॉट उरले ते माझ्यासमोर मोज.