किशोरांमधील हिंसेचा धोका जोखणारे ‘सॅव्हरी’ : एक परीक्षण

एखाद्या किशोरवयीन मुलाच्या हातून पुन्हा हिंसक कृत्य घडेल का, या प्रश्नाचे उत्तर समुपदेशकाला किंवा परिवीक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्याला द्यावेच लागते. ते केवळ अनुभवाच्या भरवशावर दिले, तर उद्धट बोलणारा मुलगा धोकादायक ठरतो आणि नम्रपणे उत्तरे देणाऱ्याकडे दुर्लक्ष होते. रँडी बोरम, पॅट्रिक बार्टेल आणि अडेल फोर्थ यांनी तयार केलेले ‘सॅव्हरी’ हे मूल्यमापन साधन १२ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. या क्षेत्रातील व्यक्तींनी ते जरूर वापरावे, असे माझे मत आहे. मात्र त्याच्या निष्कर्षाला किती वजन द्यायचे, हे आधी समजून घेतले पाहिजे.

या साधनात धोक्याचे २४ घटक तीन गटांत मांडले आहेत. पहिल्या गटातील १० घटक भूतकाळाचे आहेत : आधीची हिंसा, ती लहान वयात सुरू होणे, घरात पाहिलेली मारहाण, बालपणी झालेला छळ किंवा हेळसांड, पालकांची गुन्हेगारी, सांभाळणाऱ्या व्यक्तीपासून लवकर झालेली ताटातूट, शाळेतील अपयश इत्यादी. दुसऱ्या गटातील ६ घटक सभोवतालाचे आहेत. त्यांत गुन्हेगारी वर्तन करणारे मित्र, समवयस्कांनी झिडकारणे आणि पालकांचे अपुरे किंवा धरसोडीचे नियंत्रण हे माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. उरलेले ८ घटक उतावळेपणा, रागावरचा ताबा, व्यसन, सहानुभूतीचा अभाव, शाळेविषयीची अनास्था अशा वैयक्तिक बाबींचे आहेत. भूतकाळ बदलता येत नाही. पण पालकांची देखरेख सुधारता येते, व्यसनावर उपचार करता येतात आणि तुटलेली शाळा पुन्हा जोडता येते. ही विभागणी डोळ्यांसमोर असली की मूल्यमापन करणारा ‘हा मुलगा कसा आहे’ यापाशी न थांबता ‘याच्यासाठी काय करता येईल’ या प्रश्नाकडे वळतो, आणि हेच मला या साधनाचे सर्वांत मोठे बलस्थान वाटते.

प्रत्येक घटकाला कमी, मध्यम किंवा जास्त असा दर्जा द्यायचा असतो, परंतु ठरावीक गुण ओलांडले म्हणजे मुलगा धोकादायक, अशी कोणतीही सीमारेषा येथे नाही. अंतिम निष्कर्ष प्रशिक्षित व्यक्तीने सर्व माहिती तोलून काढायचा आहे. मला ही रचना योग्य वाटते, कारण बाकी सर्व घटक सौम्य असतानाही एकच घटक, उदाहरणार्थ सध्या सुरू असलेले गंभीर व्यसन, संपूर्ण चित्र बदलू शकतो. याची किंमतही मोजावी लागते : मुलाशी आणि पालकांशी सविस्तर बोलणे, शाळेची नोंद पाहणे, जुनी कागदपत्रे तपासणे यांवाचून भरलेला तक्ता निरुपयोगी आहे. कामाच्या रेट्यात तो घाईने भरण्याचा मोह होतो, आणि तो टाळलाच पाहिजे.

अचूकतेबाबत अपेक्षा माफक ठेवाव्यात. मानसोपचारतज्ज्ञ सीना फझेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘सॅव्हरी’सह अशा अनेक साधनांनी तपासलेल्या लोकांच्या ७३ नमुन्यांचा एकत्रित अभ्यास केला. त्यात हिंसेच्या संदर्भात कमी धोक्याच्या ठरवलेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के व्यक्तींबाबत अंदाज खरा ठरला, तर मध्यम किंवा जास्त धोक्याच्या ठरवलेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांच्याच हातून हिंसा घडली. ‘जास्त धोका’ या शेऱ्यावरून एखाद्या मुलाला दीर्घकाळ डांबून ठेवणे त्यामुळे मला अन्यायाचे वाटते. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलेला भेदही येथे आठवावा : बहुतेकांचे गुन्हेगारी वर्तन किशोरवयापुरते असते, फार थोड्यांचे बालपणी सुरू होऊन प्रौढपणीही टिकते.

दोन घटकांविषयी माझा आक्षेप आहे. आधीची देखरेख किंवा उपाययोजना अपयशी ठरणे हा मुलाच्या धोक्याचा घटक मानला जातो, पण उपाययोजनाच निकृष्ट होती का, हे त्या नोंदीतून कळत नाही. वस्तीतील विस्कळीतपणाचेही तसेच. गरीब वस्तीत वाढलेल्या मुलाच्या खात्यात तो आपोआप जमा होतो. हे दर्जे देताना कारण सविस्तर लिहावे, अन्यथा वाचणारा अधिकारी परिस्थितीचा दोष मुलावर टाकतो. शिवाय हे साधन मुख्यतः हिंसेसाठी घडवलेले आहे. केवळ चोरी किंवा घरातून पळून जाणे एवढाच प्रश्न असेल, तर त्यावर विसंबू नये.

६ संरक्षक घटकांची वेगळी नोंद मात्र मनापासून आवडली. एखाद्या प्रौढ व्यक्तीशी घट्ट नाते, विधायक कामातील सहभाग, शाळेची ओढ अशा गोष्टी ‘आहे’ किंवा ‘नाही’ इतक्याच नोंदवायच्या असतात, तरी पुनर्वसनाचा आराखडा आखताना मी हे पान सर्वांत आधी उघडते. ज्यांना प्रशिक्षण, पुरेसा वेळ आणि काही काळाने फेरमूल्यमापन करण्याची सोय आहे, त्यांनी हे साधन घ्यावे. या तिन्हींपैकी एकाचीही उणीव असलेल्या संस्थेने तूर्त थांबावे.